दोन उन्हं

मागच्या अंगणाचा आराखडा मी फेब्रुवारीत आलेखाच्या कागदावर काढला. एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. अंगण उत्तर-दक्षिण बावीस फूट, पूर्व-पश्चिम अठरा. उत्तरेला आमचं घर, दक्षिणेला पाण्याची टाकी, पश्चिमेला मोकळा प्लॉट आणि त्यात चार बाभळी. पूर्वेला साडेचार फुटांची भिंत. भिंतीपलीकडे भागिरथीकाकूंचं अंगण होतं. ते मी कागदावर काढलं नाही. जागा नव्हती असं नाही. भिंतीच्या रेघेनंतर उजवीकडे सात-आठ सेंटिमीटर कोरा कागद उरला होता. मी तो कात्रीनं कापला आणि मग आराखडा वहीत डकवला. वहीत बसावा म्हणून कापला, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

जामखेडला मार्चनंतर स्लॅबच्या घरात बसवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी खाली उष्णता सोडत राहतो. कूलर लावला की खोली ओलसर होते, चादरी चिकटतात, आणि दोन तासांनी वीज जाते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. गेल्या मे महिन्यात मी घरात आणि अंगणात चार ठिकाणी तापमापक टांगले होते आणि महिनाभर नोंदी घेतल्या होत्या. संध्याकाळी पाच वाजता मधल्या खोलीत एकोणचाळीस, आणि टाकीजवळ, जिथे थोडी सावली नि ओल होती, तिथे पस्तीस. म्हणजे घराबाहेर नीट सावली केली, वारा अडवला नाही, आणि जमीन तापू दिली नाही, तर दुपारनंतरचा सगळा वेळ बाहेर काढता येईल. तिथेच बसणं, तिथेच जेवण, तिथेच पेपर तपासणं.

कल्याणचं, माझ्या नवऱ्याचं, म्हणणं होतं, चार पाईप रोवून वर पत्रा टाकू.

"पत्रा म्हणजे तवा," मी म्हटलं. "आपण खाली भाकरीसारखे."

"मग तू कर तुझ्या हिशोबानं," तो म्हणाला. "आपल्या घरात हवेलासुद्धा गणित सोडवून आत यावं लागतं."

मी माझ्या हिशोबानं केलं. छप्पर पत्र्याचं नाही, पाचटाचं. उसाची वाळलेली पानं आमच्याकडे लागेल तितकी मिळतात. खाली बांबूच्या तट्ट्या, मग वीतभर पोकळी, मग वर पाचटाचा जाड थर. पोकळीतून हवा वाहत राहिली की वरची उष्णता खाली उतरत नाही. जमिनीला शहाबादी फरशी, रोज दोनदा पाणी शिंपडायला. बसायला विटांचा कट्टा, वर चुन्याचा पांढरा हात. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे, वरून थेंबथेंब पाणी सोडायची सोय. छपराला उतार पश्चिमेकडे: तिकडे साडेसात फूट, म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन खालून घुसणार नाही, आणि पूर्वेला, भिंतीला लागून, बारा फूट, म्हणजे तापलेली हवा वर चढून त्या तोंडातून निघून जाईल.

काम बजरंग मिस्त्रीला दिलं होतं. त्यानं आराखडा हातात धरून दोनदा उलटसुलट फिरवला.

"मॅडम, हिकडं बारा फूट लई हुतंय. लग्नाचा मांडव वाटंल."

"गरम हवा वर जाते, मिस्त्री. तिला जायला वाट हवी."

"ते खरं हाय." तो भिंतीपलीकडे बघत राहिला. "पन काकूंचं वाळवन असतंय तितं. चारच्या टायमाला ऊन ऱ्हायचं न्हाई त्यांना."

"सगळं आपल्या हद्दीत आहे ना?"

"हद्दीतच हाय."

"मग झालं."

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मला त्याचा जरा रागही आला होता. त्यानं जे नुसतं बघून सांगितलं, ते मी आठ दिवसांपूर्वी गणितानं काढलेलं होतं. वहीत तक्ता होता. मे महिन्याचा पहिला आठवडा, बारा फुटांची कड, सावलीची लांबी: तीन वाजता नऊ फूट, चार वाजता पंधरा. काकूंचं अंगण भिंतीपासून त्यांच्या ओट्यापर्यंत चौदा फूट आहे. तेही मला ठाऊक होतं, कारण भिंत बांधताना दोन्हीकडची मापं मीच घेतली होती.

भागिरथीकाकूंनी वीस वर्षं ऊसतोड केली. नवरा गेला, मग गुडघे गेले. आता त्या उन्हाळ्यात वाळवणाच्या ऑर्डरी घेतात. कुरडया, सांडगे, खारवड्या, ज्वारीचे पापड. घराला पत्रा आहे, त्यावर चढता येत नाही, म्हणून सगळं अंगणात, बाजांवर नि प्लास्टिकच्या कागदावर. मुलगा गोरक्ष टेम्पो चालवतो, तोच माल पोचवतो. सून निकिता. निकिता बारावीला माझ्या वर्गात होती. विज्ञान दिनाला मी वर्गात हळदीच्या पाण्यात पापडखार टाकायचा प्रयोग घेतला होता. पाणी लालभडक झालं, तेव्हा मुलींना म्हटलं होतं, पापड लाल पडतात ते ह्यानं, कुणाच्या पाळीनं नाही. परीक्षानळीत पापडखार टाकणारी मुलगी निकिता होती. त्याच वर्षी ती आमच्या शेजारी सून म्हणून आली.

तिला बी.एस्सी.ला घालावं म्हणून मी दोन वर्षं काकूंच्या मागे होते. दिवाळीत त्या म्हणाल्या होत्या, "यंदाचं वाळवन नीट पार पडू द्या. जूनला घालते तिला कॉलेजात. माजा शब्द हाय, मॅडम."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मांडव पुरा झाला. पाच वाजता खोलीत एकोणचाळीस असताना मांडवात चौतीस होतं. मी आनंदानं तापमापक तीनदा जागा बदलून पाहिला. स्टाफरूममधले सहाजण बघायला आले, कट्ट्यावर बसून ताक प्याले. प्राचार्य म्हणाले, यावर कॉलेजच्या अंकात लेख लिहा. कल्याणनं फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले आणि खाली लिहिलं, बायकोची कमाल.

एका दुपारी भिंतीवरून भागिरथीकाकूंचं डोकं वर आलं.

"बरं केलंत, मॅडम. तुमच्या मांडवाची सावली आमच्यातबी येतीया. दुपारचं चीक गाळाया बसले तरी डोस्क्याला ऊन लागत न्हाई. लई दुवा लागंल बगा तुमाला."

"हो का," मी म्हटलं. आणि मला बरं वाटलं. नुसती सुटका वाटली असती तर एक वेळ ठीक होतं. मला खरोखर बरं वाटलं, जणू ती सावली मी त्यांना दिली होती.

काकूंचं काम ठरलेल्या चालीनं चालतं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक गाळायचा, पहाटे शिजवायचा आणि ऊन वर यायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालून व्हायच्या. पुढचं माप उन्हाचं. कुरडईला दोन उन्हं, सांडग्याला तीन. एक दिवस म्हणजे एक ऊन. घड्याळ नाही, हातानं मोडून बघणं नाही. दोन उन्हं झाली की दुसऱ्या संध्याकाळी पिशव्यांत भरून तोंड बांधायचं. त्यांच्या आईचं हेच माप होतं आणि चाळीस उन्हाळ्यांत ते कधी चुकलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी कर्जतहून एकीचा फोन आला, कुरडया तळल्या तर आंबूस लागतात. काकूंनी तो मनावर घेतला नाही. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात राहात्याच्या एका लग्नघरी दिलेल्या बारा किलो कुरडया गोरक्ष टेम्पोतून परत घेऊन आला. मी मांडवात पेपर तपासत होते. भिंतीपलीकडे पिशव्या ठेवल्याचा आवाज आला, मग गाठ सोडल्याचा.

"बुरशी," गोरक्ष म्हणाला. "पिशवी उघडली अन् सगळ्या लग्नमांडवात वास. मला मान वर करून बोलता येईना."

"दोन उन्हं दिली व्हती," काकू म्हणाल्या. "पक्की दोन. मी सवता मोजली." मग आवाज बदलला. "निकिता, हिकडं ये. ह्या कवा घातल्या व्हत्या?"

"मंगळवारी."

"अन् तुला पाळी कवा आली?"

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"इचारते मी."

"बुधवारी, आत्या. पण मी हात नाही लावला. तुम्हीच उचलल्या."

"जवळनं गेली असशील. पदर लागला आसंल. माज्या हातानं चाळीस वर्सांत पिशवी माघारी आली न्हाई, अन् तू आल्यावर यावी? गेल्या साली तू म्हाईरी व्हतीस या दिवसांत. गेल्या साली कशा ऱ्हायल्या?"

लाल पेन माझ्या हातात होतं. समोरच्या पेपरात मी एका बरोबर उत्तराला शून्य दिलं होतं. ते खोडून पुन्हा तीन गुण दिले. कारण काय आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं. काही आठवावं लागलं नाही, काही जोडावं लागलं नाही. दोन उन्हं दिली होती, पण त्यातल्या प्रत्येक उन्हाचे शेवटचे दोन-तीन तास माझ्या छपरानं घेतले होते. काकू दिवस मोजत होत्या, आणि दिवस होते तितकेच होते.

तरी मी खात्री करून घेतली. खात्री करून घेणं हा माझा धंदाच आहे, आणि त्यात वेळही जातो. अक्षय्य तृतीयेला काकूंनी मला ताटभर कुरडया दिल्या होत्या. त्यातल्या शंभर ग्रॅम मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या, वजन केलं, ओव्हनमध्ये ठेवल्या, पुन्हा वजन केलं. पाणी सतरा ग्रॅम. घरी डब्यात गेल्या वर्षीच्या त्यांच्याच थोड्या उरल्या होत्या. त्यात अकरा. हे दोन आकडे मी वहीत तारखेसकट लिहिले, खाली रेघ मारली, आणि वही कपाटात ठेवली.

त्यानंतर मी नऊ दिवस गप्प होते.

कारणं होती. परीक्षेचे पेपर होते. मांडव नुकताच झाला होता. बजरंग मिस्त्रीला पुन्हा बोलावलं तर तो काही म्हणणार नाही, नुसता भिंतीपलीकडे बघेल, हे मला दिसत होतं. प्राचार्यांनी मागितलेल्या लेखाचा पहिला परिच्छेद लिहून झाला होता. यातलं एकही कारण मी कुणाला मोठ्यानं सांगू शकले नसते.

चौथ्या-पाचव्या दिवशी भागिरथीकाकू आणि कोपऱ्यावरच्या रंगुबाई दुपारी मांडवात येऊन बसल्या. आता बसायला सगळेच आमच्याकडे येत. रंगुबाईंनी फरशीवर पाय लांब केले, पदरानं मान पुसली.

"सरग हाय बाई ह्यो. मॅडम, मी मेले की मला हितंच आनून टाका. घरच्यांना बर्फाचा खर्च नगं."

काकू हसल्या नाहीत. रंगुबाई त्यांच्याकडे वळल्या. "अगं, सोड आता. गेल्या तर गेल्या कुरडया. सुनंला चार दिस लांब बसव, झालं."

"लांबच बसवलीया. अंगनात येऊ देत न्हाई. तरी आवंदाचं नाव गेलं ते गेलंच." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमी शास्त्राच्या. तुमी सांगा. हुतं का न्हाई आसं? विटाळानं?"

निकिता भिंतीशी उभी होती. तिच्या बाजूला, दोन्ही हात भिंतीवर ठेवून. तिला अंगणात यायची बंदी होती, म्हणून ती घराच्या बाजूनं येऊन, अंगणाबाहेर, भिंतीच्या टोकाशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही, काकू," मी म्हटलं. "पाळीचा काही संबंध नसतो. बुरशी ओलाव्यानं येते."

"वलावा कुटला? दोन उन्हं दिली मी."

इथे मला बोलायला पूर्ण जागा होती. वाक्य लहान होतं. तुमचं ऊन माझ्या छपरानं अडवलं. पाच शब्द.

"या वर्षी हवेत दमटपणा जास्त आहे," मी म्हटलं.

माझ्या मागे खांबाला आर्द्रतामापक टांगलेला होता. त्यावर तेव्हा सोळा टक्के होते, म्हणजे कोरडी हवा. मी सकाळी वाचून लिहिलं होतं, बावीस.

"तर," रंगुबाई म्हणाल्या, "ढगंबी येत्यातच की मदीच."

काकूंनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. "दमट आसंल तर सगळ्यांच्याच जातील की. लंकाबाईच्या न्हाई गेल्या. तिच्या सुनंनं पाळलं." लंकाबाई पलीकडच्या गल्लीत वाळवण करते, गच्चीवर. मी भिंतीकडे पाहिलं तेव्हा निकिता तिथे नव्हती.

दोन दिवसांनी काकू भिंतीवरून कागद माझ्याकडे सरकवून गेल्या. कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म. मीच आणून दिला होता, मार्चमध्ये.

"ऱ्हाऊ द्या जूनचं, मॅडम. घरातलं येवढं पाळता येत न्हाई, तितं जाऊन काय दिवं लावनार हाय. शब्द दिला व्हता, पन वाळवन पार पडलं तर म्हनले व्हते. न्हाई पडलं."

त्या संध्याकाळी मी कल्याणला सगळं सांगितलं. तक्ता, सतरा आणि अकरा, आर्द्रतामापक. त्यानं वही हातात घेऊन शांतपणे पाहिली.

"मग छप्पर खाली घेऊ," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"काकूंना सांगावं लागेल."

"कशाला? वाऱ्यानं हलतंय, म्हणून उतरवलं म्हण. त्यांचं ऊन त्यांना मिळालं, पुढचं वाळवण चांगलं झालं, की सगळं आपोआप निवळेल. उगाच शेजाऱ्यांत वाकडेपणा नको, सुकन्या."

तो चांगल्या मनानं म्हणाला. आणि मी पुढचे दोन दिवस हा विचार खरोखर केला. वाऱ्यानं हलतंय. वाक्य तयार होतं, खोटं सिद्ध होणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खोलीत फळा पुसताना माझ्या लक्षात आलं, की छप्पर खाली गेल्यावर कुरडया चांगल्या होतील, आणि ते निकिताला अंगणाबाहेर ठेवल्यामुळे झालं असंच त्या घरात ठरेल. पुढच्या वर्षीही, आणि पुढच्याही. तिच्याविरुद्धचा पुरावा मीच पुरा करून देणार होते.

त्यानंतरच्या दिवशी तीन वाजता मी टेप घेऊन काकूंच्या दाराशी गेले. नव्या कागदावर आराखडा पुन्हा काढला होता, या वेळी दोन्ही अंगणांचा. काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. निकिता आत होती.

"या की. चहा टाक गं."

"चहा नको, काकू. तुम्हाला दाखवायचंय काहीतरी."

मी अंगणात सावलीच्या कडेला टेप धरला. भिंतीपासून नऊ फूट आणि थोडी. कडेवर एक खडा ठेवला. "तासाभरानं ही कड तुमच्या ओट्यावर येईल," मी म्हटलं. "मांडव नव्हता तेव्हा चारला इथे निम्म्याच्या वर अंगणात ऊन असायचं, भिंतीचीच काय ती सावली. आता चारला नसतं. तीनलाही निम्म्यात नसतं."

काकू खड्याकडे बघत होत्या.

"तुमची दोन उन्हं पुरी झालीच नाहीत. दिवस दोन झाले, पण ऊन रोज कमी पडलं. कुरडईची गाठ आतून ओली राहिली. मी तपासून पाहिलं, कॉलेजात. निकितानं हात लावला असता तरी काही झालं नसतं, आणि तिनं लावलाच नव्हता. माझ्या छपरानं झालं."

"म्हंजी ऊन आखूड झालं," काकू म्हणाल्या.

"हो."

त्यांनी हातातला लसूण सुपात टाकला. "तुमाला हे आत्ता कळलं व्हय?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तरही मी घरून ठरवून आणलं होतं.

"नाही. बांधायच्या आधीपासून माहीत होतं. सावली कुठवर येणार ते मी लिहून काढलं होतं. कुरडया बिघडतील इतका विचार केला नव्हता. केला नाही, कारण करायचा नव्हता."

"अन् मी तुमाला दुवा देत व्हते," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज हिशोब चुकल्यावर होतो तसा होता. "त्या दिशी इचारलं तुमाला. तुमच्याच मांडवात बसून इचारलं. दमट म्हनलात."

"हो. खोटं बोलले."

आतून निकिता आली होती. उंबऱ्यात उभी होती, ओल्या हातांनी.

"तू तर शिकल्याली," काकू तिला म्हणाल्या. "तुलाबी दिसत असंल की सावली. तू का न्हाई बोललीस गं?"

निकिता आत गेली आणि एक जुनी वही घेऊन आली. बारावीची असावी, पाठीमागच्या पानांवर लिहिलेलं होतं. तिनं ती काकूंना दिली नाही, मला दिली.

तारखा होत्या, अठरा एप्रिलपासून. प्रत्येक तारखेपुढे तीन आकडे: दोन वाजता, तीन वाजता, साडेतीन वाजता. फूट लिहिले नव्हते, पावलं लिहिली होती आणि वर एका ओळीत, माझं पाऊल नऊ इंच. पुढच्या रकान्यात, किती कुरडया उलटताना मऊ लागल्या. पावलांचे फूट मी मनात केले. माझ्या तक्त्यापेक्षा कुठेच अर्ध्या फुटाहून जास्त फरक नव्हता. शेवटून तिसऱ्या नोंदीखाली तिनं लिहिलं होतं: कारण सावली? मॅडमना विचारणे.

नोंदी सोळा मेला संपत होत्या; बंदीनंतरच्या शेवटच्या काही नोंदींत मऊ कुरडयांचा रकाना कोरा होता, पावलं ओट्यावरून अंदाजानं लिहिलेली. मांडवात रंगुबाई आणि काकू येऊन बसल्या होत्या ती तारीख.

"पुढे का नाही घेतल्यास?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्हाला विचारायला भिंतीशी आले होते त्या दिवशी," निकिता म्हणाली. "तुम्ही म्हणालात हवेत दमटपणा आहे. मग मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं असेल."

ती हे कुरकुरत म्हणाली नाही. वर्गात उत्तर चुकलं की मुली सांगतात, तशी सांगत होती. मी वही मिटून तिच्या हातात दिली. टेप गुंडाळताना तो दोनदा सुटला.

बजरंग मिस्त्री शनिवारी आला. पूर्वेकडचं पाच फूट छप्पर काढलं आणि उरलेल्याची कड आठ फुटांवर आणली. आता साडेचारपर्यंत छपराची सावली भिंतीच्या सावलीच्या आतच राहते. मांडवात पाचला छत्तीस असतं, कधी साडेछत्तीस. पाईप कापताना रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी थांबून विचारलं, कशाला मोडताय चांगला मांडव? बजरंगनं माझ्याकडे पाहिलं.

"शेजारच्यांचं ऊन अडत होतं," मी म्हटलं. "मला माहीत होतं, तरी बांधला." माणूस बरं म्हणून निघून गेला. बजरंग पुढचा पाईप कापायला लागला.

प्राचार्यांना लेख देणार नाही म्हणून कळवलं. रंगुबाईंना मी घरी जाऊन सांगितलं, कारण विटाळाची गोष्ट त्यांच्यामार्फत गल्लीत फिरली होती. त्या म्हणाल्या, "व्हय का," आणि मग, "तरीबी पाळल्यालं बरं असतं, बाई." त्यापुढे मला काही करता आलं नाही.

काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. राहात्याच्या लग्नघरी त्यांनी नव्या कुरडया करून पाठवल्या, दोन उन्हांच्या. निकिता पुन्हा अंगणात दिसायला लागली. पाळीच्या चार दिवसांत दिसते का, हे मला माहीत नाही. मी मोजत नाही.

जूनच्या पाच तारखेला दोघी आमच्या दाराशी आल्या. काकू कट्ट्यावर टेकल्या, छपराकडे बघितलं नाही.

"तो कागद द्या, मॅडम. तुमच्याकडंच ऱ्हायलाय. शब्द माजा व्हता, तुमच्या चुकीपायी तो कशाला मोडू."

मी फॉर्म आणून दिला. निकिता फरशीवर मांडी घालून भरायला बसली. नाव, जन्मतारीख, बारावीचे गुण. तिचं अक्षर मी ओळखते, जरा डावीकडे कललेलं. विषयांच्या रकान्यापाशी ती थांबली नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र.

काकू वाकून बघत होत्या. "ह्यातला मॅडमचा कुटला गं?"

"मॅडमचा नाही घेतला, आत्या."

"का? शेजारी हायेत, इचाराया बरं."

निकितानं पिशवीतून फोटो काढला आणि मला विचारलं, हा कुठे चिकटवायचा. मी चौकोनावर बोट ठेवून दाखवलं.